वास नसलेली पत्री

मे महिन्यातली दुपार. पाऊस यायच्या आत मसाला करून ठेवायचा म्हणून आईनं सकाळपासून मिरच्या उन्हात घातल्या होत्या, धणे निवडून झाले होते, आणि म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून मी आणलेल्या पुड्या ती एकेक करून ताटात उपडी करत होती. दगडफूल, चक्रीफूल, मिरी, लवंग. जायपत्रीची पुडी उघडली आणि तिचा हात थांबला. चिमूटभर उचलून नाकाशी नेली, खाली ठेवली, परत नेली. मग माझ्यापुढे धरली. "हुंग बघू." मी हुंगलं. कागदाचा वास आला, थोडा धुळीचा, आणि त्याच्यामागे कुठेतरी ओल्या लाकडाचा, तोही असला तर असला. "ही कसली पत्री आणलीस गो?" ती म्हणाली आणि पुडी बांधून बाजूला सरकवली. त्या दिवशी शागुतीचा मसाला जुन्या डब्यातल्या उरल्यासुरल्या जायपत्रीवर भागवला. पुढच्या शुक्रवारी मी त्याच दुकानात गेले. भांडायची तयारी करूनच गेले होते, पण दुकानदाराच्या चेहऱ्यावर ओशाळं काही आलंच नाही. "बाई, ही रामपत्री. पत्रीच ती. जायपत्री पाहिजे तर जायपत्री म्हणून मागायची, तिचा भाव वेगळा. हॉटेलवाले हीच नेतात." घरी येऊन आईला सांगितलं तर ती हसली. "नावात तेवढा राम. एरवी काही राम नाही तिच्यात."

पैशांचं काही नव्हतं, सत्तर-ऐंशी रुपयांची तर गोष्ट. तरीही ते कुसळासारखं टोचत राहिलं. रात्री जेवणं झाल्यावर ती पुडी मी वर्तमानपत्रावर पसरली आणि शेजारी आईच्या डब्यातला खऱ्या जायपत्रीचा एक तुकडा ठेवला. खरी जायपत्री रुंद पाकळीची, चपटी, केशरी-पिवळी. नख लावलं की बोटाला तेल जाणवतं आणि तो वास दुसऱ्या दिवशीपर्यंत बोटावर राहतो. ही मात्र काळपट तांबडी, लांब, अरुंद पट्ट्यांची. बुडापर्यंत चिरत गेलेली, आणि टोकाला सगळ्या पट्ट्या एकमेकींत पिळून शेंडीसारख्या गुंडाळलेल्या. ती शेंडी बघितली आणि मला एकदम उमगलं की ही वस्तू मी ओळखते. बाजारातून नव्हे. फ्रॉकच्या खिशात घालून दिवसभर हिंडवलेली, संध्याकाळी आजीनं "टाक ते" म्हणून फेकायला लावलेली.

आईचं माहेर गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या पुढे. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही तिथेच असायचो. घराच्या मागे कुळागर, म्हणजे पोफळीची बाग, उतरत उतरत खालच्या व्हाळापर्यंत, ओढ्यापर्यंत जायचं. पोफळी, त्यांच्यावर चढलेली मिरी, मध्येच केळी, फणस, दोन-तीन जायफळं. व्हाळ जिथे वळतो तिथे एक कोपरा होता, त्याला घरात नुसतं 'कोंड' म्हणत. उन्हाळ्यातही तिथला चिखल वाळायचा नाही. पाय टाकला की पोटरीपर्यंत आत जायचा आणि काढताना असा आवाज यायचा की आम्ही मुलं त्या आवाजासाठीच पाय टाकायचो. त्या कोंडाच्या काठाला उंच, सरळ, काळसर हिरव्या सालीची पाच-सहा झाडं होती. फांद्या आडव्या, बैलगाडीच्या चाकातल्या आऱ्यांसारख्या खोडाभोवती फुटलेल्या. आजी त्यांना रानजायफळ म्हणायची. पाऊस जवळ आला की त्यांची फळं पडायची. लांबट फळ, वर तांबूस लव, वासराच्या कानामागं हात फिरवावा तशी. फळ दोन भागांत उकलायचं आणि आत ही पत्री, ओली असताना पिवळट-तांबडी, बियेला घट्ट मिठी मारून बसलेली. काही फळं जमिनीवर पडायची, काही व्हाळात. दुपारी सगळे झोपलेले असताना मी ओटीवर पडून तो आवाज ऐकायचे. टुपुक. बराच वेळ काही नाही. मग परत टुपुक.

आणि धनेश. त्याच्या पंखांचा आवाज आधी यायचा, कुणीतरी आभाळात मोठं सूप पाखडत चाललंय तसा. मग झाडाच्या शेंड्यात हालचाल. आजोबा म्हणायचे, कोंडातली झाडं त्याचीच आहेत, आपण नुसते राखणदार. आजीच्या हिशेबानं राखणदार वेगळाच होता. तो कोंडातच राहायचा, रात्री हातात पेटती चूड घेऊन मेरेवरून, बांधावरून जायचा आणि वर्षाला एक रोट आणि एक नारळ एवढ्यावर खूश असायचा.

माझी चौथीची परीक्षा झाली त्या सुट्टीत आजोबांनी कोंडाला चर मारला.

आज हे वाक्य लिहिताना त्यात जो अपराध दिसतो तो तेव्हा कुणालाच दिसला नव्हता. चर म्हणजे काय, पाणी पडून राहतं त्याला वाट करून द्यायची, जमीन कोरडी करायची, पोफळी लावायच्या. सत्तरीतलंच नव्हे, अख्ख्या सह्याद्रीच्या पायथ्याचं कुठलंही जुनं कुळागर घ्या. ते व्हाळाच्या काठाला का असतं? कारण पाणी तिथे आहे, ओल तिथे आहे, पानं कुजून झालेली काळी माती तिथे आहे. ती ओल आणि ती माती पोफळीच्या आधी दुसऱ्या कुणाची तरी होती. कोंड सुकायला दोन आठवडे लागले. मग माणसं आली कुऱ्हाडी घेऊन. पहिले दोन घाव कोरडे गेले. तिसऱ्या-चौथ्या घावाला सालीतून तांबडा चीक यायला लागला. थेंब नव्हे, ओघळ. रानजायफळाच्या कुळाचा चीकच तांबडा असतो हे मला खूप पुढे कळलं. तेव्हा मी एवढंच बघितलं की झाडातून रक्त येतंय आणि तोडणारा माणूस ते बघून थांबत नाही. आजी परसातून खाली आली, मेरेवर उभी राहून तिनं गाऱ्हाणं घातलं, "बा राखणदारा, लेकरांच्या पोटासाठी करतोय, सांभाळून घे." नारळ फोडला. मग माणसांना चहा दिला.

त्या पोफळी लागल्या. त्यांच्या सुपारीवर मावशीचं लग्न झालं, मामेभावाचं शिक्षण झालं. सुट्टीला गेलं की पाठीवर टाकायला आजी जो नवा कपडा काढून ठेवायची तोही त्यातूनच. आजोबांना दोष देणं सोपं आहे, पण मी ते करणार कुठल्या तोंडानं? ती सुपारी मी खाल्लेली आहे. शब्दशः नव्हे, पण खाल्लेली आहे.

पुडीचं प्रकरण झाल्यावर एका रविवारी मामेभावाला फोन केला आणि आम्ही दोघं नानोडे-बांबरला गेलो, निरंकाराच्या राईत, म्हणजे त्या देवाच्या देवराईत. सत्तरीतल्या माणसाला ही राई सांगायला नको. बाकीच्यांनी एवढंच लक्षात घ्यावं की गोव्यात जायफळाच्या कुळातल्या झाडांची दलदल बघायची तर तिथे जावं. भाऊ म्हणाला, चपला इथेच काढ. मी काढल्या. तिथे काय चावेल याची भीती एकीकडे आणि अनवाणी पायांना लागलेल्या गारव्याचं सुख दुसरीकडे. बाहेर रस्त्यावर अंग भाजत होतं आणि आत चार पावलांवर पाणी असं थंड की घोट्याला कळ लागली. पाणी वाहतंय की नाही हे कळत नव्हतं, मग एक पान हळूहळू सरकताना दिसलं. उजेड हिरवा. वास कुजक्या पानांचा, पण घाण नव्हे; आजीच्या माजघरात भाताच्या कणगीमागे यायचा तसा, थंड, जुना. आणि सगळीकडे मुळं. चिखलातून वर आलेली, वाकलेली, परत चिखलात गेलेली. माणसं गळ्यापर्यंत चिखलात बसलीत आणि त्यांचे गुडघे तेवढे वर राहिलेत, असं काहीसं. चिखलात हवा नसते, म्हणून मुळांना श्वासासाठी वर यावं लागतं. हे वाचलेलं होतं. पण त्या गुडघ्यांमधून वाट काढत चालताना आपण कुणाच्या तरी घरात, सगळे झोपलेले असताना, पाय वाजू न देता चाललोय असं वाटत होतं. एका गुडघ्यावर वेफर्सचं रिकामं पाकीट अडकलं होतं. भावानं ते उचललं, घडी घालून खिशात ठेवलं, काही बोलला नाही.

जायफळाचं कूळ जुनं आहे. फुलझाडांच्या ज्या शाखेतून सोनचाफा आला, सीताफळ आलं, त्याच शाखेतलं. अशा दलदली एके काळी सह्याद्रीच्या पायथ्याला व्हाळाव्हाळाला असाव्यात असं मानतात. त्रावणकोरच्या जंगलातल्या दलदलींविषयी १९६० साली लिहिलं गेलं तेव्हा जाणकारांचं लक्ष तिकडे गेलं. आता केरळात तुकडे उरलेत, उत्तर कन्नडात शिर्सी-सिद्धापूरकडे उरलेत, मग एकदम इथे बांबरला. आणि आमच्या सीमेपलीकडे दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे इथे. तिथली राई भालांडेश्वराची, अडीच हेक्टरांच्या आसपास, आणि २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारनं तिला जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केलं. इथे बांबर, तिथे बांबर्डे. या नावांचं एकमेकांशी काही नातं आहे का, देव जाणे. पण दोन्हीकडे झाडं उरली ती एका देवाच्या नावावर, हे नातं मात्र आहेच.

कोंडाकाठची आमची झाडं होती ती रामपत्रीची. ती दलदलीतच वाढते असं नाही, ओल्या सदाहरित रानातही वाढते. १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय लाल यादीत तिची नोंद 'असुरक्षित' अशी झाली. असुरक्षित हा शब्द मला नेहमी गुळगुळीत वाटतो. रात्री उशिरा कदंबाच्या बसस्टँडवर एकटी बाई असुरक्षित असते. झाड असुरक्षित म्हणजे काय? तर त्याचा संसार इतक्या नाजूक सुतावर चालतो की एखादा धागा ओढला तरी सगळं उसवतं. या झाडांत नर वेगळा, मादी वेगळी. फळ मादीलाच, तेही जवळपास नर असेल तर. कुणी पाच झाडांतली तीन तोडली आणि उरलेली दोन्ही नर निघाली, तर रान वरून हिरवंच दिसणार, पण त्याची वंशवेल तिथे संपलेली. बी मोठी, जड आणि घाईची. धान्यासारखी कणगीत ठेवता येत नाही. ओल मिळाली तर रुजते, काही दिवस सुकली की मरते. आईच्या पायाशी पडून राहिली तर उंदीर, किडे आणि सावली तिला खातात. म्हणून तिला लांब न्यायला मोठ्या चोचीचा पक्षी लागतो, धनेश लागतो, रानातली मोठी कबुतरं लागतात. त्यांना खुणावायला तर ती तांबडी पत्री. बियेला गुंडाळलेलं ते आमिष आहे, मसाला नव्हे. धनेशाला घरट्यासाठी जुन्या, जाड झाडातली ढोली लागते. त्याची मादी तिथे स्वतःला आत लिंपून घेते आणि नर बाहेरून एवढ्याशा फटीतून तिला फळं भरवत राहतो. म्हणजे जुनं झाड नाही तर धनेश नाही, धनेश नाही तर नवं झाड नाही. राईत दोन पानांची, चार पानांची रोपं मला पुष्कळ दिसली. माझ्या कमरेएवढं झालेलं मात्र, मी फिरले तेवढ्या भागात, एकही दिसलं नाही. माझी नजर काही वनस्पतिशास्त्रज्ञाची नव्हे. तरी घरी येईपर्यंत ते डोक्यातून गेलं नाही.

आता पत्रीचं बघा. धनेशाला पिकलेलं फळ लागतं. पत्री गोळा करणाऱ्याला पिकलेलं लागत नाही. फळ उकलेपर्यंत थांबलं तर निम्मं पक्षी नेणार, आणि उरलेलं शेजारच्या वाड्यावरची माणसं. म्हणून कोवळं असतानाच काढायचं. खोड उंच, सरळ, चढायला अवघड. मग फांदीच तोडायची. उत्तर कन्नडात हे बारकाईनं नोंदवलेलं आहे, पण नोंदी नसल्या तरी ज्यानं सरकारी जमिनीतला आवळा किंवा हिरडा गोळा होताना बघितलाय त्याला हे वेगळं सांगायला नको. ज्याची मालकी कुणाची नाही त्याला पिकू देणं कुणालाच परवडत नाही. आणि एवढं करून ती पत्री जाते कुठे? जायपत्रीत मिसळायला. परदेशच्या मसाल्याच्या व्यापारात तिला जुनं नाव आहे, 'बॉम्बे मेस', मुंबईची जायपत्री. ना ती मुंबईची, ना ती जायपत्री. या झाडाला त्याच्या स्वतःच्या नावानं कधी कुणी विकत घेतलेलंच नाही, असं मला त्या पुडीकडे बघून वाटलं.

राईतून बाहेर पडताना भावानं वरच्या डोंगराकडे बोट केलं. तिथे काजू. आमच्या लहानपणी तिथे रान होतं की काजू हे दोघांनाही नक्की आठवेना, आणि न आठवणं हेच जास्त बोचलं. काजूवर राग धरणं गोंयकाराला शोभत नाही. उन्हाळ्यात काजूच्या बोंडांचा निरो आणि त्याचीच पहिल्या धारेची उराक म्हटलं की आमचेही डोळे चमकतात. पण काजूची बाग करायची म्हणजे खालचं रान साफ करायचं, आणि साफ करायचा सगळ्यांत स्वस्त मजूर म्हणजे आग. २०२३ च्या मार्चमध्ये म्हादई अभयारण्यात वणवे पेटले तेव्हा नौदलाची आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं पाण्याच्या बादल्या लटकावून सत्तरीवरून फिरत होती. ते वणवे कुणी लावले, कसे लागले, यावर बरंच बोललं गेलं. मी त्यात पडत नाही. मी त्या आठवड्यात मामाकडे होते. रात्री डोंगरावर तांबडी रेघ दिसायची, माळेसारखी, आणि सकाळी अंगणातल्या तुळशीवर काळी पानं पडलेली असायची, हात लावला की चुरा. सदाहरित रानाला आगीची सवय नसते. पानझडी रानातली झाडं जाड सालीची, भाजून निघूनही परत फुटतात. ओल्या रानातल्या झाडाची साल कशाला जाड असेल, त्याला कधी गरजच पडली नव्हती.

पाण्याचं तर बोलायलाच नको. म्हादई नदीचं पाणी म्हटलं की गोव्यातलं पोर पण टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटांत, बोलायला लागतं. पाणीवाटपाच्या लवादानं २०१८ मध्ये कर्नाटकाला १३.४२ टीएमसी दिलं, आम्हाला २४, आणि तेव्हापासून ते आकडे आमच्या जिभेवर बसलेत. पण राईला टीएमसी लागत नाही. राईला लागतो एक पायभर रुंदीचा झरा, बारा महिने, न थांबता. तो झरा कर्नाटक नेत नाही. तो आम्हीच नेतो. मामाच्या कुळागराला आधी पाट होता, वरच्या बांधातून पाळीपाळीनं पाणी यायचं, आज आमचं, उद्या शेजाऱ्याचं. आता पंप आहे, पाइप आहे, आणि व्हाळाच्या उगमाकडे तीन वेगवेगळ्या घरांचे तीन पाइप पाण्यात तोंड घालून बसलेत. मार्चअखेर व्हाळ तुटतो. निरंकाराची सत्ता राईपुरती आहे. झाडाला हात लावायची कुणाची छाती नाही. पाणी येतं तो डोंगर त्याच्या हद्दीबाहेर आहे, आणि तिथे कुणी नारळ ठेवत नाही.

त्या दिवशी जेवायला मामाकडे थांबलो. जेवण झाल्यावर मामा मला त्याची नवी जायफळं दाखवायला घेऊन गेला. नवी म्हणजे पंधरा वर्षांची, पण मामासाठी सगळंच नवं. आजोबा बी लावायचे आणि सात-आठ वर्षं वाट बघायचे. झाड फुलावर आलं की कळायचं नर आहे की मादी, आणि निम्मी नर निघायची. आठ वर्षं पोसलेला नर तोडताना आजोबांच्या तोंडून ज्या शिव्या यायच्या त्या आम्ही मुलांनी पाठ केल्या होत्या. आता कलमं आली. मादीची फांदी बांधायची, तिला फळ धरणारच. मामानं एका झाडापाशी वाकून बुंध्यावरचा गवताचा ओला गठ्ठा बाजूला केला आणि बोटानं एक पुसट गाठ दाखवली. "इथं बांधलंय. वरचं घरचं, खालचं रानाचं." मी विचारलं, रानाचं म्हणजे? "अगं रामपत्री. रानजायफळ. तिच्या रोपावर कलम बांधतात. मूळ दणकट." मी त्या गाठीवर बोट ठेवलं. खाली साल किंचित वेगळी होती, किंवा मला वाटली. चर मारून ज्या कोंडातली झाडं आम्ही काढली, त्यांच्यातलीच कुणीतरी पैसे देऊन विकत आणून आम्ही तिथेच लावली होती, फक्त डोकं दुसऱ्याचं बसवून. मामाला हे बोलून दाखवलं. तो मोठ्यानं हसला. मग थोडा वेळ हसायचा थांबला आणि म्हणाला, "रोपवाटिकेवाले बी कुठून आणतात कोण जाणे. रानातूनच आणत असणार." आणि परत गवताचा गठ्ठा बुंध्याशी नीट सरकवला, लहान मुलाच्या पायावर पांघरूण ओढावं तसा.

येताना त्यानं पिशवीभर जायफळं दिली. त्यांच्यावरची जायपत्री आईनं सोलून सुपात वाळत घातली. दोन दिवस सगळं घर तिच्या वासानं भरलेलं, शेजारची वहिनी दारातून विचारून गेली. रामपत्रीची पुडी मात्र फ्रिजवर तशीच पडून होती. फेकवतही नव्हती, वापरवतही नव्हती.

काल दुपारी आईच ती घेऊन बसली. पुडी सोडून तिनं एक अख्खी पत्री निवडली, न तुटलेली, शेंडीसकट. मी म्हटलं, तू त्या दिवशी हुंगताक्षणी ओळखलीस. माझं नाक तर काही बोललंच नाही. ती म्हणाली, नाकानं नाही, बोटांनी ओळखली. मग सहज, जणू कालपरवाची गोष्ट, सांगायला लागली. तिच्या लहानपणी वाळपईला एक व्यापारी यायचा. कोंडातली आणि पलीकडच्या सरकारी रानातली पत्री वाड्यातल्या सगळ्या मुली गोळा करायच्या, ओटीवर वाळवायच्या आणि त्याला शेरावर द्यायच्या. त्या पैशात शाळेच्या वह्या यायच्या, एका वर्षी रिबिनी आल्या होत्या, तांबड्या. तो पत्री कुठे न्यायचा? "मुंबईला म्हणे. खऱ्यात मिसळायला. आम्हाला काय, तो पैसे द्यायचा." पिकलेली काढायचात की कोवळी? ती माझ्याकडे बघत राहिली, हा काय प्रश्न झाला अशा नजरेनं. "पिकायची वाट कोण बघणार गो? आपण थांबलं की दुसरं कोणी तरी न्यायचं."

मी गप्प बसले. पन्नास-साठ वर्षं जिनं जायपत्री हुंगून पारखली, त्या बाईनंच लहानपणी ही पत्री मुंबईला पाठवली होती. आणि आज ती फिरून माझ्या पिशवीतून तिच्याच ताटात आली होती. तिला त्यात विशेष काही वाटलेलं दिसलं नाही.

"तुटलेली तो घ्यायचा नाही," ती म्हणाली. "म्हणून असा अंगठा फिरवायचा, खालून वर. घाई करायची नाही." तिनं रिकाम्या डाव्या मुठीवर उजवा अंगठा फिरवून दाखवला, एकदा, दोनदा. संधिवातानं वाकडी झालेली ती बोटं, पण अंगठा बरोबर त्या वळणानं फिरला, मुठीत बी असल्यासारखा.

"आणि बिया?"

"बियांचं काय करणार? व्हाळात टाकायच्या. आम्ही मुली ओळीनं बसायचो काठावर." ती हसली. "कोणाची लांब जाते ते बघायला. टुपुक टुपुक आवाज यायचा नुसता."